कॅसेटमधले मांडे

जळगाव

प्रिय सविता,

माझ्या लग्नाची कॅसेट बघायला मिळाली एकदाची. तीच, जिच्यात तुझी आई, आपली बेबामावशी, मांडे करतेय. चालती-हलती मावशी जगात दुसरीकडे कुठेच नाही. तुझ्याकडे तो एकच फोटो, त्यातही बाई डोळे मिटून बसलेली. म्हणून गेला हिवाळाभर मी घरात सगळ्यांचं डोकं खाल्लं.

कॅसेट होती, तर व्हीसीआर कधीच भंगारात गेलेला. मागे धुळ्याच्या एका स्टुडिओवाल्याकडून तिची डीव्हीडी करून घेतली होती, तर आताच्या कॉम्प्युटरला ती घालायची फटच नसते. माझ्या कुंदनने मित्राचा ड्राइव्ह आणून जोडला, तर पडद्यावर पाटी आली, कॉपी करता येणार नाही. त्या बहाद्दराने कुलूप घालून ठेवलेलं, म्हणजे प्रत्येक कॉपीसाठी लोक त्याच्याच दारात. त्याला गाठायला, तुला कळू न देता, धुळ्याला माणूस पाठवला, तर दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं विकताहेत. लग्न माझं, नवरा माझा, मांडे खाल्ले अख्ख्या असोदा गावाने, आणि कुलूप याचं. मी असं काही तोंड सोडलं की कुंदनने उठून खिडकी लावून घेतली.

शेवटी शेजारच्या चंपालालजींच्या दुकानाच्या माळ्यावर जुना डीव्हीडी प्लेअर निघाला. तो टीव्हीला जोडला, कुंदनने समोरून मोबाइलने शूटिंग केलं आणि तुला बघता यावं म्हणून इंटरनेटवर चढवलं. जेवून उठेपर्यंत तिथून उडवलं की त्यांनी. का, तर स्टुडिओवाल्याने मागे सिनेमाचं गाणं लावलंय आणि त्याचे हक्क कुठल्याशा कंपनीचे. मेल्याने मावशीचा आवाज पुसून गाणं घातलं, आणि आता गाण्यापायी मावशीही नको. मग आम्ही आवाज बंद करून पाहत बसलो.

सवे, काय सांगू. मावशी मांडा या हातावरून त्या हातावर घेते, तो कोपरापर्यंत पसरत जातो आणि उपड्या खापरावर अलगद उतरतो. तुझा नेहमी कोपराशीच फाटतो ना? ती नुसते हात नाही गं फिरवत, खांदे फिरवते. मी मागे घेऊन घेऊन पाहिलं. शेजारी तू, डोक्यात भला मोठा गजरा, पुरण चोरून खातेस. मावशी तुला कोपरानेच ढकलते आणि हसते. मला हसू आलं आणि रडूही आलं.

फोनच केला असता, पण तू लगेच 'पाठवून दे' म्हणाली असतीस. कुंदन म्हणतो, गाणं काढून टाकलं की जाईल. मी नको म्हटलं. मावशी गेल्यापासून दर आखाजीच्या सणाला लेकीबाळी माहेरी निघतात आणि तू धुळ्यातच बसून राहतेस. विचारलं तर म्हणतेस, आता मला कोण बोलावणार. मी बोलावतेय. यंदाच्या आखाजीला माझ्याकडे ये, चार दिवस राहायच्या तयारीने. खापर आणून ठेवलंय, पुरण मी शिजवते. टीव्ही स्वयंपाकघराच्या दारात मांडू, मावशी करेल तसं तू कर. फाटलाच तर फाटका मांडा आपण दोघी खाऊ. भाऊजींना आजच सांगून टाक, तू माहेरी चालली आहेस.

तुझीच,
मंदा