मला नसलेला डायबेटीस

४ नोव्हेंबर १९८६
डोकं फिरलंय. दहिसर नाक्याजवळची ती डॉक्टर अनुपमा, काल पास झालेली पोरगी, म्हणते मला डायबेटीस. का, तर लघवी निळ्या औषधात उकळली आणि विटेसारखी लाल झाली. औषध जुनं असेल! दिवाळीचा फराळ डब्यात आहे आणि मला गोड बंद.

५ नोव्हेंबर
झापायला गेलो. तिनेच लेक्चर दिलं. म्हणे एका प्रकारात शरीर इन्शुलिन बनवतच नाही. बहुतेक लहान वयात होतो, रोज इंजेक्शन लागतं. दुसऱ्यात इन्शुलिन असतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. वय, वजन, घराणं. तिसरा काही बायकांना गरोदरपणात.
मी लहान नाही. गरोदर नाही. दुसरा जाड्यांचा. मी जाडा नाही, भरलेला आहे. म्हणजे मला नाही. सिंपल लॉजिक.

६ नोव्हेंबर
तरी उद्यापासून चालणार. बोरिवलीपर्यंत. जाऊन-येऊन.

७ नोव्हेंबर
सकाळी फार गार होतं.

८ नोव्हेंबर
सुलक्षणाने करंज्या शेजारी देऊन टाकल्या. न विचारता! ओरडलो. म्हणाली, अहो, तुमच्यासाठीच ना. बायको आहे की वैरी?

१० नोव्हेंबर
झकास आयडिया. टेस्ट पुन्हा करायची, पण लघवी सुलक्षणाची. ठणठणीत बाई, कधी दवाखान्यात गेली नाही. तिला सांगितलं, ऑफिसतर्फे बायकांची फुकट तपासणी आहे. बाटलीवर नाव माझं. औषध निळंच राहणार. मग बघतो त्या पोरीकडे.

११ नोव्हेंबर, दुपार
लाल! माझ्याहून लाल! दवाखान्यातच ओरडलो, बोगस औषध, बोगस डॉक्टर, ही लघवी माझी नाहीच, बायकोची आहे!
डॉक्टर एवढंच म्हणाली, त्यांना आजच घेऊन या.

१३ नोव्हेंबर
दोघांच्या रक्ताचे रिपोर्ट आले. सुलक्षणाची साखर माझ्या दुप्पट. गोळ्या दोघांनाही. टाचेला जखम आहे, कधीची भरत नाही. आणखी उशीर झाला असता तर पाय धोक्यात होता. डॉक्टरने विचारलं, घरात का नाही सांगितलं? ही म्हणाली, यांच्या ओरडण्यात माझं कुठे ऐकू येणार.
परक्या बाईसमोर असं बोलतात? भयंकर राग आला.

१५ नोव्हेंबर
वेळेत सापडलं ते माझ्या आयडियामुळे. सुलक्षणाला तीनदा समजावलं. दुसरा कोणी नवरा असता तर कळलंही नसतं, असं म्हटलं.
तिने टाचेची पट्टी बदलली, लंगडत स्वयंपाकघरात गेली, पाणी आणलं. तिची गोळी तिने घेतली. माझी माझ्यापुढे ठेवली आणि उभी राहिली.
घेतली.