मुंबई ते मेलबर्न, बारा तास

प्रिय वैदेही,

परवा तू फोनवर म्हणालीस, "आई, आता येऊ नकोस. आता येऊन काय करणार?" मी "बरं" म्हणाले. फोन ठेवल्यावर डायरीत तेवढंच लिहिलं आणि बराच वेळ स्वतःला विचारत बसले, की हे 'बरं' तुझं ऐकायचं म्हणून म्हणाले, की तुझ्याकडे बघायचं धैर्य मलाच नव्हतं म्हणून. अजून ठरवता आलेलं नाही.

तू मला फोनवर नकाशा दाखवून शिकवायचीस. जवळजवळ दहा हजार किलोमीटर, मुंबईहून थेट विमान, बारा तास. तुझे बाबा आपल्या सगळ्या पुंडलिकनगरात घरोघरी सांगत फिरायचे, "नागपूरला जायचं तर ट्रॅव्हल्स जवळपास तेवढाच वेळ घेते, त्यात काय एवढं!" तुझ्या तारखेच्या पंधरा दिवस आधीचं तिकीट काढलं होतं. बाळ महिनाभर आधीच आलं. आलं आणि थांबलं नाही. रणजितरावांचा फोन आला तेव्हा मी दुपटी धुऊन वाळत घातली होती. नंतर ती मला दोरीवरून काढवेनात. शेजारच्या द्वारकाबाई म्हणाल्या, "ताई, ऊन लई हाय, रंग जाईल त्यांचा." शेवटी त्यांनीच घड्या घालून आणून दिली.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तुझ्याआधी मला एक मुलगी झाली होती, आम्ही सिल्लोडला होतो तेव्हा. दोन दिवस जगली. घरातलं कुणी वाईट बोललं नाही, सगळी चांगलीच माणसं. पण बाळच नाही म्हटल्यावर शेक नाही, मालिश नाही, डिंकाचे लाडू नाहीत. बाळंतपण कुणाचं करायचं? तिसऱ्या दिवशी मला दूध आलं. ब्लाउज भिजायचा, मी पदर ओढून घ्यायचे. कुणाला सांगणार?

माझ्या आईला, तुझ्या भागूआजीला, मीच कडूबामामांकडून निरोप धाडला होता, "येऊ नको म्हणावं, मी बरी आहे." ती समोर आली तर मला आवरणार नाही, असं वाटलं. माहेराहून, देवगाव रंगारीहून, सिल्लोड म्हणजे एसटीनं फार तर तीन तास. आईनं माझं ऐकलं. आली नाही. आणि मी रोज दुपारच्या गाडीच्या वेळी दारात जाऊन उभी राहायचे. पुढं कधीतरी तिनं विचारलं, "तूच नको म्हणली व्हतीस ना गं?" मी म्हणाले, व्हय. तिचं काही चुकलं नव्हतं.

तुझं 'येऊ नकोस' माझ्यासारखं नसेलही. मी माझं दुःख तुझ्या गळ्यात घालत असेन, तर तू दार लावून आत पडून राहा, मी बाहेरच्या खोलीत बसेन. पण बाळंतीण तू आहेस, पोरी. कंबर धरली असेल, दूध येत असेल, आणि त्याचं काय करायचं ते तिथं तुला कुणी विचारलंही नसेल. हे मी मुंबईच्या विमानतळावर बसून लिहिते आहे. विमानात शिरल्यावर याचा फोटो तुला पाठवीन आणि फोन बंद करीन. मग बारा तास तुझं 'नको' माझ्यापर्यंत पोचणार नाही. त्यासाठीच हे पत्र. घ्यायला येऊ नकोस, उठूही नकोस. घर मी शोधीन.

तुझ्याकडेच निघालेली, तुझीच
आई