सई चिडली नाही

नाशिक, मंगळवार संध्याकाळ

सईचा इंग्रजीचा पेपर आज मिळाला. ॲक्टिव्ह-पॅसिव्हचा अख्खा प्रश्न चुकलाय, आणि तो माझ्यामुळे. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा मराठीत कर्मणी प्रयोग, म्हणजे इंग्रजीतही पॅसिव्हच, असं मीच लेकीला ठासून सांगितलं होतं. देवळ्याच्या शाळेत व्याकरणात पहिली यायचे ना मी! कसला माज तो. पोरगी चिडली असती तर बरं झालं असतं. पण नाही. “आई, राहू दे, मी क्लासमध्ये मॅडमना विचारीन,” म्हणाली, अगदी हळू आवाजात. पोळ्या लाटताना तोच आवाज कानात घुमत होता. इतकी हळू का बोलली? मग आठवलं. सासूबाईंना मोबाइल शिकवायचा नाद मी सोडला, त्या दिवशी मीही त्यांच्याशी असंच हळू बोलले होते.