पेज म्हणजे जेवण नव्हे

२ नोव्हेंबर
निर्णय पक्का. चष्मा जाणार. काल हरमलच्या नाटकात राजा मीच. राजाला चष्मा कुठला? काढून ठेवला आणि राणी समजून राक्षसाला मिठी मारली. लोक हसले. आमच्या दशावतारी कंपनीचे मालक गोकुळदासमामा म्हणाले, "सगुण, डोळ्यांचा काय ता कर, नायतर जत्रेक राजा विशाल." विशाल! कंपनीतला दुसरा नट, पत्र्यावर चमचा घासल्यासारखा आवाज. माझ्यासारखा आवाज अख्ख्या पेडण्यात नाही.

६ नोव्हेंबर
म्हापशाला डॉक्टरकडे. म्हणाले, लेझर म्हणजे थोड्या वेळाचं काम, थेंब घालून, जागेपणी. मला भीती नाही. फक्त थेंबांची बाटली जवळ आली तेव्हा खुर्चीसकट मागे गेलो. मग नर्सचा हात पिरगळला गेला. लेन्सही नको, डोळ्याला बोट कोण लावणार? मीच तोडगा काढला: पूर्ण भूल द्या. म्हणाले, एवढ्यासाठी कुणी देत नाही, उगाच जिवाला धोका. घाबरट माणूस.

१४ नोव्हेंबर
दुसरं हॉस्पिटल पूर्ण भूल द्यायला तयार झालं. भूल देणाऱ्या डॉक्टर शालिनी कधी हसत नाहीत. म्हणाल्या, आदल्या रात्रीपासून पोटात काही नको. भुलीत पोटातलं वर येतं, फुप्फुसात उतरतं, माणूस जातो. बायको पल्लवीने माझा दंड घट्ट धरला. पेशंटला असं घाबरवायचं असतं का?

१७ नोव्हेंबर
पल्लवीच्या हट्टापायी देवाला कौल लावला. देवाच्या डावीकडची पाकळी पडली. भटजी म्हणाले, डावी म्हणजे देवाचा नकार. पण मी उभा होतो तिथून ती उजवीच. डोळे माझे, म्हणजे बाजूही माझीच धरायची.

२० नोव्हेंबर, सकाळी
अकराला ऑपरेशन. रात्रीपासून कडक उपास. पेजेची वेळ आज जरा अलीकडे घेतली. पेज म्हणजे जेवण नव्हे. पेज पिऊन बसलेल्याला विचारा, जेवलास का? नाही म्हणेल. एक वाटी, सोबत खारातली कैरी. कैरी उरली म्हणून दुसरी वाटी. पल्लवीने रिकामं भांडं बघून विचारलं, "पेज खंय गेली?" मांजराला घातली म्हटलं. ती मांजराकडे बघत राहिली.

त्याच दिवशी, हॉस्पिटलात
डॉक्टर शालिनींनी पुन्हा पुन्हा विचारलं, काही खाल्लंय? नाही. खरंच खाल्लेलं नाही, प्यालो. पोट जड आहे. पल्लवी कानाशी म्हणाली, "अजून येळ आसा, कायव आसल्यार सांगा त्यांका." आता सांगितलं तर ऑपरेशन पुढे जाईल, जत्रा थांबणार नाही. भीती वाटतेय, पण हे कुणाला कळायचं कारण नाही. नर्स आली.

८ डिसेंबर
आज पेन धरता आलं. लेझर झालंच नाही. भूल चढताच पेज वर आली आणि फुप्फुसात गेली. बरेच दिवस घशात नळी होती, मशीन श्वास घेत होतं. मला काही आठवत नाही. पल्लवीला सगळं आठवतं. चष्म्याचा नंबर तोच. नळीने आवाज बसलाय. डॉक्टर शालिनी म्हणाल्या, परत येईलही, किती ते सांगता येत नाही. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गोकुळदासमामा शहाळं ठेवून गेले. राजा विशाल. हरकत नाही, जत्रेला अजून अवकाश आहे. आजपासूनच सराव. उशीला टेकून बसलो, छाती भरून घेतली आणि राजाच्या प्रवेशाचं पहिलं वाक्य पूर्ण ताकदीने म्हटलं.

पल्लवीने कान माझ्या तोंडाजवळ आणला. म्हणाली, "पाणी होया?"

मान हलवली. तिने पाजलं.