भलत्याच माणसाची तपासणी

प्रति,
मा. अधिकारी,
घरपोच शुश्रूषा विभाग,
ग्रामीण आरोग्य कार्यालय

विषय : अर्जदाराच्या धडधाकट प्रकृतीमुळे बंद पडलेली पत्नीची शुश्रूषा पुन्हा सुरू करण्याबाबत.
संदर्भ : सेवा बंद केल्याचे आपले पत्र.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराची पत्नी पक्षाघाताने अंथरुणाला खिळली असून, आपल्या विभागाच्या परिचारिकाबाई दर आठवड्याला घरी येऊन तिच्या पाठीवरची जखम धूत असत. तपासणीत रुग्णाची प्रकृती ‘समाधानकारक’ आढळल्याने त्यांचे येणे बंद झाले. प्रकृती समाधानकारक आहे, याबद्दल वाद नाही. फक्त ती अर्जदाराची आहे.

घडले ते असे. हवेची गादी भरली की रुग्णाला निजवण्याआधी स्वतः आडवे होऊन ती कुठे टोचते का ते पाहावे, असे परिचारिकाबाईंनी शिकवले होते. त्या दिवशी अर्जदाराने पत्नीचे केस विंचरून तिला उशांच्या आधाराने खुर्चीत बसवले आणि शिकवल्याप्रमाणे गादीवर पाठ टेकली. गादी उत्तम होती. अर्जदार घोरू लागला.

नेमके तेव्हाच तपासनीस साहेब आले. आजारानंतर पत्नीकडे ‘हो’ एवढा एकच शब्द उरला आहे. हेच का रुग्ण? हो. यांचं सगळं तुम्हीच करता? हो. साहेबांनी तिच्या चिकाटीचे कौतुक केल्याचे आपल्या पत्रात नमूद आहे.

अर्जदाराला जाग आली तेव्हा साहेब त्याची नाडी धरून विचारत होते, “झोप लागते का? पाठ दुखते का?” महोदय, एवढ्या वर्षांत हे अर्जदाराला कुणी म्हणून विचारले नव्हते. सरकार रुग्णाच्या नवऱ्याचीही चौकशी करते, असे वाटून तो मूर्ख गहिवरला. पाठीचे सगळे गाऱ्हाणे सांगून मोकळा झाला आणि कुशीवर वळा म्हणताच त्याने ऐटीत वळूनही दाखवले. वर गावभर आपल्या विभागाची वाहवा करत हिंडला. पत्र आले तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

आता जखम अर्जदारच धुतो. पत्नी कण्हतसुद्धा नाही, आणि जखम खोल जात चालली आहे. अर्जदाराला फार भीती वाटते.

तरी परिचारिकाबाईंना तातडीने पाठवावे, ही विनंती. फेरतपासणीला न कळवता आलात तरी चालेल. अर्जदार उभाच सापडेल. निरोगी आढळल्याबद्दल जी काही कारवाई करायची ती अर्जदारावर करावी, तिच्या पाठीवर नको.

आपला नम्र व ठणठणीत,
(सही)
रुग्णाचा नवरा

दिनांक : आज, जखम धुतल्यावर लगेच
सोबत : डॉक्टरांचा दाखला (पत्नीचा)