वरून ऐकू आलेलं हसू

अरे,

ड्यूटी अचानक बदलली, म्हणून तू शिकवणीहून खाली यायच्या आतच हॉस्पिटलला निघतेय. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे.

काल तू चार कॉर्ड, म्हणजे ते एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गुच्छ, ओळीने लिहून मला वाजवून दाखवलेस, तेव्हा मी युनिफॉर्मला इस्त्री करता करता "बरंय" एवढंच म्हणाले. तुझा चेहरा पडला, तो दिसला मला. आज तेच कॉर्ड तू वरच्या मजल्यावर तुझ्या पियानोच्या बाईंना ऐकवलेस. आपलं छत काही जाड नाही. "अय्या, त्या उदास मायनर कॉर्डवरून किती अलगद उतरलात! पुन्हा वाजवा ना," त्या म्हणाल्या आणि तू खळखळून हसलास. खरं सांगते, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःच्या बायकोसमोर असा शेवटचा कधी हसलास, आठवतंय तुला?

बाई चांगल्या आहेत, शिकवतातही मनापासून. म्हणून तर जास्तच राग येतो.

उद्या मला सुट्टी आहे. उद्याचा सराव वर नको, आपल्या कीबोर्डवर कर. सी सूर कुठला आणि जी कुठला, मला काही कळत नाही. पण वाजवता नाही आलं तरी शेजारी बसता येतं मला.