जयाच्या ट्रकचा आवाज

गिरगाव,
२१ जानेवारी १९५७

चि. जयवंतास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. दोन भाषांचे एक राज्य करून सरकारने काय साधले ते सरकारच जाणे. माझा भाऊ मात्र बदली होऊन नागपूरला गेला आणि त्याचा ट्रक माझ्या पदरात पडला. लोकांची धाकटी भावंडे मागे मांजर ठेवून जातात, तू युद्धातला लष्करी ट्रक ठेवून गेलास.

तू बजावून गेलास की महिन्यातून एकदा इंजिन चालवले नाही तर ते आतून गंजून धरते, फिरतच नाही. म्हणून काल कोपऱ्यावरच्या गॅरेजातल्या सीतारामला बोलावले. त्याने हँडल मारले. ट्रक दोनदा खोकला आणि मग त्याच्या मागून असा बार उडाला की खोताच्या वाडीपर्यंत कावळे उठले. सीताराम हँडल टाकून पळाला.

कावळ्यांचे सोड. शेजारच्या मीराबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या, त्या जागीच कोसळल्या. गेल्या वर्षी याच दिवसांत गोळीबारात त्यांच्या लहूच्या पायात गोळी शिरली, ते तुला मी सांगायला नको. मी कांदा फोडून नाकाशी धरला, तेव्हा शुद्धीवर आल्या. माझ्याकडे पाहिले, उठून आत गेल्या आणि दार लावून घेतले. एका भिंतीला पाठ लावून तीस वर्षे काढली आम्ही. काय करायचे ते उलट टपाली कळव.

तुझी काळजी करणारी,
ताई


नागपूर,
२ फेब्रुवारी १९५७

ती. ताईस जयवंताचा शिरसाष्टांग नमस्कार.

मीराबाईंचे वाचून फार वाईट वाटले. माझ्या वतीने त्यांची क्षमा माग.

बार उडतो म्हणजे ठिणगी अवेळी पडते, किंवा पेट्रोलमध्ये पाणी शिरले असेल. सीतारामला टाकी रिकामी करून धुवायला सांग. त्याच्या हाती हातोडा मात्र देऊ नकोस. गेल्या वेळी त्याने हातोड्याने जे दुरुस्त केले ते सुटे करायला मला पावसाळा लागला होता.

रंगाला कुणाचा हात लागू देऊ नकोस. तो हिरवा रंग मूळचा आहे. रे रोडच्या लिलावात तो गंजलेला सांगाडा पाहिला तेव्हा तू म्हणालीस की यापेक्षा बायको आण. दहा वर्षांचे रविवार मी त्याच्या पोटाखाली उताणा पडून काढले. इथे रविवारी मला हात कुठे ठेवावेत ते कळत नाही.

आशीर्वाद असू द्यावेत.
जयवंत


गिरगाव,
१८ मार्च १९५७

चि. जयवंतास आशीर्वाद.

टाकी धुतली. पेट्रोल गाळले, माझे चहाचे फडके त्यात गेले. तू लिहिलेस तशी ठिणगीची वेळ सीतारामने अलीकडे केली, मग पलीकडे केली. दोन्ही वेळा बार उडाला. आता गल्लीतली पोरे मला तोफवाली आजी म्हणतात. निवडणुकीच्या दिवसांत कुणीतरी ट्रकवर खडूने मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे असे लिहिले. ते मी पुसले नाही. तेवढीच त्याची बाजू कळते.

मीराबाई आता माझ्याकडे विरजण मागायला येत नाहीत. मी वाटी घेऊन गेले तर म्हणाल्या, ठेवा तिथे. जया, मला राग आला आहे. तुझा, ट्रकचा, आणि माझ्या भिडस्तपणाचा. एक तर हा धड चालू कर, नाही तर विक.

मी काही निष्काळजीपणा केला असे मनात आणू नकोस. तू गेल्यावर पुढचे झाकण उघडून सगळे पुसून काढले. त्या सहा काळ्या वायरी किती गबाळ्यासारख्या एकमेकींवरून गेल्या होत्या! काढून स्वच्छ केल्या आणि एकीशेजारी एक, ओळीने लावून दिल्या. आमच्या शाळेतल्या सिस्टर असत्या तर शाबासकी देत्या.

वैतागलेली,
ताई


नागपूर,
२३ मार्च १९५७

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

ताई, ताई, काय केलेस हे! त्या वायरी गबाळ्यासारख्या नव्हत्या, त्या बरोबर होत्या. एकेक वायर इंजिनाच्या एकेका घरात ठिणगी नेते, आणि ती सहा घरे ओळीने पेटत नाहीत. पहिल्यानंतर पाचवे, मग तिसरे, सहावे, दुसरे, चौथे, असा त्यांचा क्रम असतो. तू त्यांना प्रार्थनेच्या रांगेत उभे केलेस, म्हणून ती एकमेकांवर भडकतात. दोन महिने मी कचेरीत बसून पेट्रोलला शिव्या दिल्या!

हे रागाने लिहिले. पत्र टाकण्याआधी पुन्हा वाचले, तर चूक माझीच दिसते. झाकणाला हात लावू नकोस एवढे एक वाक्य मी लिहायला हवे होते. सोबत चित्र काढून पाठवतो आहे. सीतारामला दाखवू नकोस, तूच लाव.

तुझा ओशाळलेला,
जयवंत


गिरगाव,
८ एप्रिल १९५७

चि. जयवंतास आशीर्वाद.

वायरी मीच लावल्या. चष्मा दोनदा तेलात पडला. काल सकाळी आधी घरोघर निरोप पाठवला, मीराबाईंना स्वतः जाऊन सांगितले, आणि मग सीतारामने हँडल मारले. पहिल्या फेरीत लागला. बार नाही, खोकला नाही, नुसती एकसारखी घरघर. सीतारामने टोपी उडवली. मला, खरे सांगते, रडू आले. तू इथे असायला हवा होतास.

लहू काठी टेकत बघायला आला. म्हणाला, मावशी, काय गोड चालतेय गाडी! तेवढ्यात मीराबाई आल्या, आणि त्या तिशीच्या मुलाला पाच वर्षांचा असल्यासारखा दंडाला धरून आत घेऊन गेल्या.

संध्याकाळी मी गेले. मला वाटले होते, बार गेला म्हणजे भीतीही गेली. त्या शांतपणे म्हणाल्या, कौसल्याबाई, गोळी मी ऐकलीच नाही त्या दिवशी. चूल पेटवत होते. गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली, ती तेवढी ऐकली. बार उडत होता तोवर दचकायची, पण मागून कळायचे की तुमचीच गाडी बिघडली आहे. आता ती नीट चालते. म्हणजे हुबेहूब त्यांचीच.

आवाजच तसा आहे, नुसता रंग बदलून काही व्हायचे नाही, जया. आता तूच ठरव.

ताई


नागपूर,
१५ एप्रिल १९५७

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझे पत्र खिशात घेऊन तीन दिवस हिंडलो. दहा वर्षे मला तोच आवाज ऐकायचा होता.

रे रोडला ओळखीच्या माणसाची लाकडाची वखार आहे. त्याने शेडमध्ये जागा द्यायचे कबूल केले. पुढच्या शनिवारी रजा घेऊन येतो. तोवर हँडलला हात लावू नका. इंजिन धरले तर धरू दे.

सीतारामला सांग, आठ-दहा माणसे हवीत. ट्रामच्या रस्त्यापर्यंत आपण तो ढकलत नेऊ. गल्ली ओलांडेपर्यंत इंजिन लावायचे नाही. मीराबाईंना मी स्वतः आधी जाऊन सांगेन, दार लावून घ्यायची गरज नाही म्हणून.

आल्यावर एक वेळ पोटभर जेवू घाल, आणि रागावलीस तरी जवळ बसून रागाव.

जयवंत